जर्मनीचा पीआर आहे. नागरिकत्व घ्यावं की भारतीय पासपोर्टच ठेवावा?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण घरात गेले काही महिने रात्रीच्या जेवणाला एकच विषय असतो आणि निकाल काही लागत नाही, म्हणून हा धागा.

आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. दोघंही नोकरी करतो. मुलगी चार वर्षांची, जन्म इथला पण पासपोर्ट भारतीय. दोघांकडेही पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना आहे, ज्याला इथे नीडरलासुंग्सएरलाउबनिस म्हणतात. हे नाव न अडखळता म्हणता आलं की बी-१ची भाषापरीक्षा वेगळी घेऊ नये असं माझं मत आहे.

जून २०२४ मध्ये इथला नागरिकत्वाचा कायदा बदलला. आठऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो, आणि जर्मनी आता मूळ नागरिकत्व सोडायला सांगत नाही. अडचण आपल्या बाजूने आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणजे जर्मन झालो की भारतीय पासपोर्ट गेला, आणि त्याजागी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते आजन्म व्हिसासारखं कार्ड.

बायको तयार आहे. तिला कामासाठी सारखं लंडनला जावं लागतं, दर वेळी व्हिसाचे सोपस्कार. शिवाय 'कर भरतो तिथे मत नको का द्यायला?' हा तिचा मुद्दा, आणि तो मला खोडता येत नाही. मी अडकलोय. आईवडील कऱ्हाडजवळच्या गावी, थोडी बागायत जमीन, ऊस. वडिलांना फोनवर सहज विचारलं तर म्हणाले, "पासपोर्ट टाकायचा म्हंजी सातबाऱ्यावरचं नाव बी टाकायचं का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर प्रश्न असे: पीआरवर आयुष्य काढता येतं का? ओसीआयवाल्यांना भारतात रोजच्या व्यवहारात काय अडतं? आणि जमिनीचं काय?

तिखटमीठ

पहिला प्रतिसाद माझा. आता बसतो पॉपकॉर्न घेऊन.

अर्धवट_बर्लिनकर

गेल्या वर्षी जर्मन झालो, त्यामुळे ताजं ताजं सांगतो.

अर्जाला लागतं काय? पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य, बी-१ जर्मन, स्वतःच्या कमाईवर घर चालतंय याचा पुरावा, आणि ती प्रसिद्ध नागरिकत्व चाचणी. शुल्क २५५ युरो, आईवडिलांबरोबर अर्ज असेल तर मुलाचे ५१. मध्यंतरी तीन वर्षांत नागरिकत्व देणारी एक जलद वाट होती, सी-१ भाषा वगैरे असलेल्यांसाठी. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद केली. पाच वर्षांचा नियम मात्र कायम आहे.

चाचणीला घाबरू नका. ३१० प्रश्नांचा संच जाहीर आहे, त्यातले ३३ येतात, १७ बरोबर आले की पास. तासभर वेळ असतो आणि बहुतेकजण पंधरा मिनिटांत बाहेर येतात. राज्यघटना, नाझी काळ, बर्लिनची भिंत हे सगळं आहेच, पण 'ईस्टरला जर्मनीत काय करायची पद्धत आहे?' असाही प्रश्न आहे. पर्याय: दारात भोपळे ठेवणे, झाड सजवणे, अंडी रंगवणे, आकाशात रॉकेट सोडणे. आमच्या मातोश्रींना चौथाच बरोबर वाटला.

खरी परीक्षा म्हणजे वाट बघणं. आमच्या शहरातल्या कार्यालयाने अर्ज घेतला आणि वर्ष उलटलं तरी पोच सोडून काही नाही. इमेलला उत्तर नाही, फोन कुणी उचलत नाही. शेवटी वकिलाकडून 'निष्क्रियतेचा दावा' लावायची तयारी केली. तीन महिने उलटूनही अर्जावर सबळ कारणाविना निर्णय नसेल तर इथे प्रशासकीय न्यायालयात जाता येतं. वकिलाचं पत्र गेलं आणि फाईल हलली. दावा लावावाच लागला नाही.

कोकणकडा

>> आमच्या मातोश्रींना चौथाच बरोबर वाटला.

=)) ईस्टरला रॉकेट म्हणजे मातोश्री थेट आमच्या चाळीतल्या दिवाळीतून आलेल्या दिसतात.

शांभवी_के

म्युनिकहून. पीआरवर आयुष्य काढता येतं का, याचं उत्तर 'जर्मनीतच काढणार असाल तर आरामात' असं आहे. नोकरी, धंदा, घर, मुलांची शाळा, सगळं होतं. शेंगेन देशांत नव्वद दिवसांपर्यंत फिरता येतं. मत देता येत नाही आणि सरकारी नोकरीतली काही पदं मिळत नाहीत, इतकंच.

पण पीआरला एक खिळा आहे. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलात तर साधारणपणे तो संपतो. ओढ्याकाठचा, तुमचे आईवडील गावी आहेत. उद्या कुणी आजारी पडलं आणि वर्षभर गावी राहावं लागलं तर? त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या प्रकारचा पीआर, 'दाउअरआउफएन्टहाल्ट-ईयू'. तो युरोपीय संघाबाहेर १२ महिन्यांपर्यंत टिकतो, आणि आधी ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर) असाल तर २४ महिने. पाच वर्षं झाली असतील तर हा मागून घ्या. बरेच लोक ब्लू कार्डवरून २१ महिन्यांत पहिला पीआर घेतात आणि इथेच थांबतात. हा दुसरा आहे हे त्यांना माहीतच नसतं.

नागरिकत्व न घेण्याचं ठरवलंत तरी हे काम करून ठेवा.

परखड_बोल

शिक्षण भारताच्या पैशावर, म्हातारपणी आठवण गावाची, आणि मधली वर्षं युरोमध्ये. पासपोर्ट म्हणजे काय मॉलचं मेंबरशिप कार्ड आहे का? चालू द्या.

जुनाजाणता

आलात? तुमचीच वाट बघत होतो. असा धागा आणि परखड_बोल नाहीत म्हणजे चुकल्यासारखं वाटतं.

बाकी धागाकर्त्याने देशप्रेमावर प्रश्न विचारलेला नाही, सातबाऱ्यावर विचारलाय. आणि 'भारताच्या पैशावर शिक्षण' म्हणत असाल तर आमच्या वेळच्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी कुणी भरली हे आमच्या तीर्थरूपांना विचारा.

परखड_बोल

मुद्दा फीचा नाही. ज्या देशाने ओळख दिली ती एका अर्जात सोडायची, आणि मग 'आम्हाला दुहेरी द्या' म्हणून निवेदनं द्यायची, हा दुटप्पीपणा आहे. संविधानाच्या नवव्या कलमात आणि नागरिकत्व कायद्यात आधीपासून स्पष्ट लिहिलंय. स्वेच्छेने दुसरं घेतलं की पहिलं संपलं.

कावेरीकाठ

कायद्याबद्दल परखड_बोल बरोबर आहेत, आणि यातला एक बारकावा इथे अजून कुणी नीट सांगितला नाही. भारतीय नागरिकत्व आपण 'सोडत' नाही, ते आपोआप जातं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९. ज्या दिवशी दुसऱ्या देशाचं प्रमाणपत्र हातात पडलं त्या दिवशी. वकिलातीत जाऊन आपण करतो ती त्या गोष्टीची नोंद. पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारून परत देतात आणि सरेंडर सर्टिफिकेट मिळतं.

त्यामुळे 'जर्मन पासपोर्ट येईपर्यंत एकदा भारतीय पासपोर्टवर जाऊन येतो' हा शहाणपणा करू नका. दुसरं नागरिकत्व मिळाल्यावर भारतीय पासपोर्ट वापरणं गुन्हा आहे, दंड भरावा लागतो. आमच्या ओळखीत एकाने केलं आणि सरेंडरच्या वेळी सगळे शिक्के पुढे आले.

प्रमाणपत्र ते ओसीआय कार्ड या मधल्या काळात लग्नकार्य, बारसं, काही ठरवू नका. अगदीच वेळ आली तर जर्मन पासपोर्टवर ई-व्हिसा काढून जाता येतं.

दुबईकर_देशमुख

आमच्याकडे हा प्रश्नच पडत नाही. सुखी माणसाचा सदरा! इथे उभं आयुष्य काढलं तरी नागरिकत्व मिळेल ही अपेक्षा कुणीच धरत नाही. नोकरी आहे तोवर व्हिसा. हल्ली दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा असतो, पण ते राहण्याचं परवानापत्र, पुढे काही नाही. म्हणून गल्फमधला मराठी माणूस पहिल्या दिवसापासून परतीचा विचार करतो, ठाण्यात फ्लॅट घेतो आणि पैसे गावी पाठवतो. तुमच्या युरोपवाल्यांसारखी रात्रीच्या जेवणाला चर्चा नाही.

एडिसनची_आत्या

जर्मनीत पाच वर्षांत नागरिकत्व, आणि रडताय? इकडे या.

अमेरिकेत नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांची मर्यादा. भारतीय अर्जदार लाखांत. त्यामुळे ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डांच्या वर्गांमध्ये बारा-तेरा वर्षांपूर्वी रांगेत लागलेल्यांचा नंबर आत्ता कुठे लागतोय. आज रांगेत लागणाऱ्याचं काय होईल याचं गणित कुणी मांडतसुद्धा नाही. आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलं बरोबर आणलेली, एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. मूल २१ वर्षांचं झालं की त्या रांगेतून बाहेर. लहानपणापासून इथे वाढलेलं पोर, बोलतंय न्यू जर्सीच्या ढंगात, आणि त्याला विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो. आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर पोरांचं काय चाललंय विचारलं की निम्म्या घरांत हीच गोष्ट.

शिवाय अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जगात कुठेही राहिला तरी अमेरिकेला कराचं विवरणपत्र भरतो. पुण्यात निवृत्त होऊन बसलेल्या आमच्या भावाला दरवर्षी पुण्यातल्या एफडीच्या व्याजाचा हिशोब तिकडे द्यावा लागतो. भारत आणि जर्मनी कर बघतात तो वास्तव्यावर. पासपोर्ट बदलला म्हणून तुमच्यावर असलं ओझं येत नाही, हे जमेला धरा.

तिखटमीठ

आत्या, तुमच्या प्रतिसादानंतर मी पॉपकॉर्न खाली ठेवले.

म्हापशेकर

गोव्यातली एक वेगळी कथा सांगतो, थोडं अवांतर आहे.

आमच्याकडे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतो, आणि त्यांच्या मुलांना, नातवंडांनाही वाट आहे. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात आजोबांच्या जन्माची नोंद करायची, मग वडिलांची, मग स्वतःची. त्यासाठी पणजीच्या पुराभिलेखातून जुने पोर्तुगीज जन्मदाखले काढायचे, नावांची स्पेलिंगं जुळवायची. एका घरात एकाच आजोबांचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, मग प्रतिज्ञापत्रं. हे करून देणारे एजंट म्हापशात, मडगावात गल्लोगल्ली होते.

गंमत अशी की त्यातल्या बहुतेकांना पोर्तुगालमध्ये जायचंच नव्हतं. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपीय संघ, आणि युरोपीय संघ म्हणजे तेव्हा इंग्लंड. स्विंडनमध्ये जाऊन बघा, चर्चपासून पोई पावापर्यंत सगळं गोंय आहे. ब्रेक्झिटने ती वाट बंद केली. आधीपासून तिथे असलेल्यांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवला, नंतर निघालेले अडकले.

आणि इकडे भारतातलं दुखणं वेगळंच. नुसती लिस्बनला जन्मनोंद केली, पासपोर्ट काढलाच नाही, तर तो माणूस पोर्तुगीज झाला की नाही? या वादात कितीतरी लोकांचे भारतीय पासपोर्ट रद्द झाले, आणि पासपोर्ट सरेंडर न करता रद्द झाला म्हणून ओसीआयही मिळेना. शेवटी २०२४ मध्ये सरेंडर सर्टिफिकेटऐवजी पासपोर्ट रद्द झाल्याचा दाखला चालवून घ्यायचं केंद्राने ठरवलं, तेव्हा जरा सुटका झाली.

सांगायचं काय, परखड_बोलसाहेब, म्हापशात तुम्ही कुणाला 'ओळख विकली' म्हणालात तर तो माणूस तुम्हाला फेणी पाजून विचारील, नेमकी कुठली?

परखड_बोल

फेणीचं निमंत्रण स्वीकारलं. मुद्दा नाही.

सोनचाफा

ओसीआयबद्दल रोजचं विचारलंय ना? मी आणि नवरा ओसीआय, गेली काही वर्षं पुण्यात परत येऊन राहिलोय.

अडतं तसं फार काही नाही. आजन्म व्हिसा, कितीही दिवस राहा, पोलिसात नोंदणी नाही. नोकरी करता येते, फ्लॅट घेता येतो, परदेशी राहत असाल तोवर बँकेची एनआरओ-एनआरई (परदेशस्थांची) खाती चालू राहतात. देशांतर्गत विमानाचं भाडं, राष्ट्रीय उद्यानांची आणि ताजमहालासारख्या स्मारकांची तिकिटं भारतीयांच्याच दरात, तसा नियमच आहे. खिडकीवरच्या माणसाला तो माहीत नसतो, म्हणून कार्डाबरोबर नियमाची प्रिंट ठेवतो.

नाही ते असं: मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांना आधी परवानगी. नवऱ्याला सह्याद्रीत भटकायचा नाद, तो म्हणाला हरिश्चंद्रगडालाही परवानगी काढू का? नाही हो, मोहिमा वेगळ्या.

त्रास होतो तो मतदानाच्या दिवशी. सोसायटीतले सगळे बोटाला शाई लावून खाली चहा पीत असतात आणि आम्ही पेपर वाचतो. त्यावर काही इलाज नाही. बाकी कागदांचं जमतं.

शांभवी_के

सोनचाफा, +१.

आणखी एक खास मराठी दुखणं: मधलं नाव. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं. जर्मन कार्यालय ते सरळ तुमचंच दुसरं नाव म्हणून लिहितं. माझ्या ओळखपत्रावर पहिलं नाव शांभवी, दुसरं नाव नवऱ्याचं. दवाखान्यात एकदा 'हेर' (म्हणजे श्रीयुत) लावून हाक मारली, मी बसूनच राहिले.

नागरिकत्व मिळाल्यावर जर्मन कायद्यानुसार नाव जुळवून घ्यायची घोषणा करता येते, त्यात असा भाग काढून टाकता येतो. मी काढला. पण मग पॅन, बँक, फ्लॅटची कागदपत्रं, मुलाचा जन्मदाखला, सगळीकडे जुनं नाव. ओसीआयच्या अर्जाला नावबदलाचा पुरावा लागला तो वेगळाच. घोषणा करायच्या आधी भारतातले सगळे कागद एका जागी काढून बघा.

आळशी_बोका

अवांतर: माझ्या नवऱ्याला तर जर्मनीत दोन वर्षं 'हेर पांडुरंग' म्हणत होते. त्याचे वडील पांडुरंग. सासरे खूश.

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. 'दाउअरआउफएन्टहाल्ट-ईयू'चं मला खरंच माहीत नव्हतं, अर्ज उद्याच उतरवून घेतो.

दोन गोष्टी अजून. मुलीचं काय? आणि आईवडिलांना इकडे आणायचा काही मार्ग आहे का? नागरिक झालो तर सोपं होतं असं एकजण म्हणाला.

अर्धवट_बर्लिनकर

आईवडिलांचं आधी. नाही, सोपं होत नाही. मोठ्या माणसाच्या आईवडिलांना कायमचं आणायला जर्मनीत सरसकट वाट नाही, तुमचा पासपोर्ट कुठलाही असो. एक नवी खिडकी उघडलीय, पण ती १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा कुशल कामगार म्हणून परवाना मिळालेल्यांसाठी. तुम्ही आधीचे, म्हणजे तुम्हाला नाही. आणि ज्यांना आहे त्यांनाही आरोग्यविमा हा डोंगर. सत्तरीच्या माणसाला खासगी विमा कंपन्या दारातच उभं करत नाहीत. पर्यटक व्हिसावर ९० दिवस, हीच वस्तुस्थिती.

रेवा_एच

मुलीबद्दल मी सांगते. आमची धाकटी इथे जन्मली तेव्हा माझी पाच वर्षं पूर्ण होती आणि पीआर होता, म्हणून ती जन्मतःच जर्मन. आम्ही दोघं भारतीय, थोरला भारतीय, धाकटी जर्मन. विमानतळावर दोन रांगा. जन्मतःच मिळतं म्हटल्यावर 'आमच्या मुलीला भारतीयच ठेवा' असं म्हणायची सोय तिथे नाही. तिचा ओसीआय काढला.

तुमच्या मुलीच्या वेळी बहुतेक तुमची वर्षं भरली नव्हती, म्हणून ती भारतीय. आईच्या किंवा वडिलांच्या अर्जाबरोबर तिचाही जोडता येतो. मुलांच्या ओसीआयची धास्ती घेऊ नका. पूर्वी दर नव्या पासपोर्टला कार्ड नवं काढावं लागे. आता वीस वर्षांपर्यंत दर नव्या पासपोर्टला फक्त ऑनलाइन अपलोड, आणि विशीनंतर एकदा नवं कार्ड.

आणि हो, मोठी झाल्यावर तिला भारतीय व्हायचं असेल तर ती वाट बंद नाही. पाच वर्षं ओसीआय आणि त्यातलं शेवटचं वर्ष भारतात राहिलेलं असेल तर भारतीय नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. दुसरं सोडावं लागतं, अर्थात.

शांभवी_के

ओढ्याकाठचा, तुमच्या घरात एक तयार आणि एक नाही अशी स्थिती आहे. मग दोघांनी एकच का करायचं? आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांत एकाने घेतलंय, एकाने ठेवलंय. आणि यात भावनेपलीकडे एक कायदेशीर फायदा आहे.

मी वर लिहिलं की पीआर सहा महिन्यांत संपतो. जर्मन नागरिकाबरोबर संसार करणाऱ्याचा नीडरलासुंग्सएरलाउबनिस मात्र बाहेर राहिल्याने संपत नाही. राहण्याच्या कायद्याचं कलम ५१, उपकलम २. म्हणजे बायको जर्मन झाली आणि तुम्ही सगळे चार वर्षं कऱ्हाडला जाऊन राहिलात, तरी तुमचा पीआर टिकतो. फक्त निघण्याआधी कार्यालयातून तसा लेखी दाखला मागून घ्या, तो देतात. भारतात तिला आणि मुलीला ओसीआय, तुम्ही भारतीयच.

लंडनची रांग टळली, मत मिळालं, सातबाराही जागच्या जागी.

जुनाजाणता

शांभवीताई, ही खरी तोडगा काढायची रीत. वकिलाने याचे तासाचे दोनशे युरो घेतले असते.

नाना_महसूल

उशिरा आलो. महसूल खात्यातून निवृत्त आहे, त्यामुळे जमिनीपुरतं बोलतो.

धागाकर्ते, तुमची आणि तुमच्या वडिलांची भीती एकाच गैरसमजावर उभी आहे. पासपोर्ट बदलला की जमीन जाते, हा तो गैरसमज. तुम्ही आज भारतीय पासपोर्टवर आहात, तरी परदेशी राहणारे म्हणून शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. परकीय चलनाच्या कायद्यात एनआरआय आणि ओसीआय यांना शेतजमिनीबाबत एकच नियम आहे. विकत नाही, बक्षीस म्हणून नाही. वारसाने मात्र दोघांनाही मिळते. वडिलांच्या मागे तुमचं नाव सातबाऱ्यावर लागणार, पासपोर्ट निळा असो की लाल.

फरक पडतो तो तुम्ही परत येऊन कायमचे राहिलात तर. भारतीय म्हणून परतलात आणि शेतकरी खातेदार असाल, तर शेजारचं रान विकत घेता येईल. ओसीआय म्हणून परतलात तर ते धरू नका. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला आपल्याकडे कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आहेच, हा त्याच्या वरचा अडसर. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि तो शेतकरी पाहिजे.

आता मी नोकरीत जे बघितलं ते सांगतो. परदेशातल्या वारसांची जमीन पासपोर्टमुळे अडकत नाही. वारस नोंद वेळेत न केल्यामुळे अडकते. वडील जातात, मुलगा तेराव्यानंतर विमान पकडतो, नोंद राहून जाते. पुढे एक चुलता जातो, एक आत्या जाते, वारसांची यादी पंधरा जणांची होते आणि त्यातले चार जण तीन देशांत. मग फेरफाराला सह्या जमवत बसा. हल्ली ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज ऑनलाइन होतो, मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. तुम्ही येऊ शकत नसाल तर वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवा, आणि ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यायला विसरू नका.

ओढ्याकाठचा

नाना, हा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवतो. एकच विचारायचंय. ते म्हणतात, "जित्तेपणीच तुझ्या नावावर करून टाकतो, म्हंजी भानगड नको." बक्षीसपत्र चालत नाही हे कळलं. मग हयातीत काहीच होत नाही का?

नाना_महसूल

हयातीत तुमच्या नावावर करायची घाई नको. ती वडिलोपार्जित की स्वकष्टाची, हे आधी जुने फेरफार काढून बघा. वडिलोपार्जित असेल तर तुमचा हिस्सा जन्मापासूनचा आहे, त्याचा विचार वेगळा. स्वकष्टाची असेल तर वडिलांना कऱ्हाडच्या चांगल्या दिवाणी वकिलाकडे बसवा. भाऊ-बहिणी असतील तर त्यांनाही बरोबर न्या. बहिणीला वगळून केलेले कागद पुढे कोर्टात बघायला मिळतात.

ओढ्याकाठचा

बहीण आहे, साताऱ्याला दिलीय. तिला घेऊनच जातील, सांगतो.

आज रात्री बायकोशी बोललो. ती अर्ज करतेय, मुलीचाही तिच्याबरोबर. मी थांबतोय, ईयूवाला पीआर मागून घेतो. पुढच्या वर्षी मला वाटलं तर बघू.

अर्धवट_बर्लिनकर

अभिनंदन! चाचणीची तारीख आजच बघून ठेवा, आमच्याकडे पुढची मोकळी तारीख दोन महिन्यांनंतरची होती. फी २५ युरो. आणि अर्ज टाकला त्या दिवसाची पोच जपून ठेवा. पुढे निष्क्रियतेच्या दाव्याची वेळ आली तर तीच लागते.

तिखटमीठ

आणि ईस्टरचा प्रश्न आला तर वहिनींना सांगा, अंडी. रॉकेट नाही.